पर्यावरणाची पदवी आहे, पद कुठे आहे?

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून पुढे काय, हा प्रश्न घरोघरी विद्यार्थ्याला विचारला जातो आणि त्याचे उत्तर पगाराच्या आकड्यात शोधले जाते. प्रश्न रास्त आहे, पण तो चुकीच्या माणसाला विचारला जातो. तो राज्य सरकारला आणि मुंबई महापालिकेला विचारायला हवा. या विषयातली माणसे शहराला लागतात. त्यांना कामाला लावण्याची व्यवस्था मात्र आपण उभी केलेली नाही.

जुहूच्या किनाऱ्याचेच पाहू. इर्ला नाल्याचे पाणी शेवटी याच समुद्रात येते. पोहण्यायोग्य सागरी पाण्यासाठी केंद्रीय निकष असा, की बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर नको आणि विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमागे १०० पेक्षा जास्त नकोत. बीओडीसाठी नमुन्याची बाटली २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात आणि त्यातला किती प्राणवायू खर्च झाला, ते मोजतात. प्रयोगशाळेतले हे काम कोणीही शिकेल. खरी मेख नमुना घेण्याच्या वेळेत आहे. ओहोटीला नाल्याच्या तोंडाशी बाटली भरली तर जवळजवळ सांडपाणीच हाती येते. भरतीला त्याच जागी समुद्र ते पाणी पातळ करून टाकतो. म्हणजे भरती-ओहोटीची वेळ न सांगता दिलेला आकडा खरा असूनही दिशाभूल करू शकतो. ही वेळ विचारण्याची सवय लावणे, हे या पदवीचे पहिले काम.

‘एक ना धड भाराभर चिंध्या’ असा या विषयावरचा जुना आक्षेप आहे. थोडे रसायन, थोडे जीवशास्त्र, थोडा कायदा. त्यापेक्षा सरळ रसायनशास्त्र घ्यावे, असे सुचवले जाते. काही महाविद्यालयांत अभ्यासक्रम खरोखरच असा गोधडीसारखा शिवलेला असतो, हे मान्य. पण पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर येणारे तेलाचे काळे, चिकट गोळे घ्या. ते कोणत्या तेलाचे, हे रसायनशास्त्र सांगेल. नैऋत्य वाऱ्याने आणि प्रवाहाने ते कुठून वाहत आले, हे समुद्रविज्ञानाकडून कळेल. जहाजावर की तेलविहिरीवर, जबाबदारी कोणाची, हे कायदा ठरवील. तिघांची उत्तरे एका अहवालात जुळवणारा माणूस नसेल, तर दर पावसाळ्यात महापालिका वाळू साफ करते आणि विषय मिटतो. शेजारच्या वर्सोव्यात केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था जलीय पर्यावरण व्यवस्थापनात पदव्युत्तर पदवी देते, म्हणजे शिकवण्याची सोयही हाकेच्या अंतरावर आहे.

मग ही शिकलेली माणसे जातात कुठे? बरीचशी सल्लागार कंपन्यांत. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाचा पर्यावरणीय आघात अहवाल सल्लागार तयार करतो आणि त्याचे पैसे प्रकल्प राबवणारा देतो. पायाभूत माहिती सहसा पावसाळा वगळून एकाच ऋतूची घेतली तरी चालते. जुहूसारख्या किनाऱ्यावर नाल्यांचा लोंढा आणि तेलाचे गोळे नेमके पावसाळ्यात येतात, ही गंमतच म्हणायची. जनसुनावणीआधी नागरिकांना किमान ३० दिवस मिळतात आणि मराठीत हाती पडतो तो बहुधा फक्त सारांश. शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल त्यांच्या बाजूने वाचणार कोण? १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सागरी किनारा मार्गाची सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) परवानगी रद्द केली, तेव्हा शास्त्रीय अभ्यासातील उणिवांवर बोट ठेवले होते. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, काम पुन्हा सुरू झाले आणि पुढे वरळी व हाजीअलीचे प्रवाळ उचलून दुसरीकडे न्यावे लागले. मार्ग हवा की नको, हा वाद वेगळा. उणिवा दाखवायला न्यायालयापर्यंत जावे लागले, म्हणजे त्याआधीच्या सरकारी टेबलांवर त्या कोणाला दिसल्या नाहीत किंवा दिसूनही पुढे सरकल्या.

हे काम अभियंते करतातच की, असे कोणी म्हणेल. सांडपाण्याची वाहिनी आणि उदंचन केंद्र अभियंत्यानेच बांधावे. मात्र त्या पाण्याने किनाऱ्याचे काय झाले, हे तपासायला बांधणाऱ्याहून वेगळा माणूस लागतो. आपल्याच कामाचे परीक्षण आपणच करू नये, हा साधा प्रशासकीय नियम आहे. नागरिकांचे गटही मोलाचे आहेत. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ने २०१७ पासून शहराच्या किनाऱ्यांवरील जीवांच्या ज्या नोंदी केल्या, त्यांनी मुंबईचा समुद्र मेलेला नाही हे दाखवून दिले. तरीही स्वयंसेवक नोटीस बजावू शकत नाही. तो अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे आणि देशभरातल्या अशा मंडळांत मिळून मंजूर पदांपैकी निम्म्याच्या आसपास रिकामी आहेत, अशी माहिती राष्ट्रीय हरित लवादापुढे आली.

तेव्हा प्रवेश घेणाऱ्याने महाविद्यालयात इमारत पाहण्याऐवजी नमुने गोळा करण्याचे वेळापत्रक मागावे. आणि मार्च २०२२ मध्ये वातावरण कृती आराखडा जाहीर करून २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या महापालिकेने किनाऱ्यालगतच्या प्रत्येक विभाग कार्यालयात पर्यावरणशास्त्राचा एक पदवीधर कायम पदावर नेमावा. त्याचे अहवाल भरती-ओहोटीच्या वेळेसह मराठीत प्रसिद्ध व्हावेत. खर्चाचे कारण पुढे येईल. पण हजारो कोटींच्या सागरी रस्त्यांच्या अंदाजपत्रकात या मूठभर पगारांचा आकडा शोधायलाही वेळ लागेल.