अंधारीत सुटलेला हात

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सात माणसं दौलताबादचा किल्ला पाहायला गेलो, तेही रविवारी. चूक आमचीच. चांदमिनारपर्यंत सगळे हसतखेळत होते. अम्मींचे गुडघे दुखतात, म्हणून त्या चिनी महालापाशीच बसल्या. कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान तानाशाह जिथं कैदेत होता, तिथंच त्या दिवशी जरा शांतता होती!

खंदकावरचा पूल ओलांडून आम्ही अंधारीत शिरलो. शत्रूला चकवण्यासाठी खडकात कोरलेला हा वळणावळणाचा, चढता बोगदा. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच वेळी घुसलेले. पोरं मुद्दाम किंचाळत होती, वटवाघळांचा वास वेगळाच. मधल्या वळणावर धाकटीचा हात सुटला. मोबाइलच्या उजेडात नुसती डोकी दिसत होती, आमच्या हाका गोंगाटात विरून जात होत्या. दोन-तीन मिनिटंच गेली असतील. नऊवारीतल्या एका आजींनी तिला भिंतीशी धरून ठेवलं होतं, "आई येईल, हलायचं नाही" म्हणत. शुक्रिया म्हटलं तर आम्हालाच रागावल्या. अल्हमदुलिल्लाह, रागावणारं कुणी होतं.

बारादरी राहिलीच. जुहरची नमाज खाली उतरून अदा केली.

आता जाल तर सुट्टीचा वार टाळा, सकाळी लवकर पोहोचा, बॅटरी सोबत घ्या. मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. चुकलो तर चांदमिनारपाशी भेटायचं, हे आधीच सांगा. तो लांबूनही दिसतो. आम्ही हे सगळं परतीच्या एसटीत ठरवलं. धाकटी मात्र विचारत होती, "त्या आजी पुन्हा भेटतील का?"