एका दिवसात तीन ‘पॉइंट’

खासगी मोटार करून एका दिवसात कुडा लेणी, मुरूडचा किनारा आणि चौल ‘उरकण्या’ची जी टूम निघाली आहे, तिच्यात मराठीच्या प्राध्यापकांनीही सामील व्हावे, हे खेदजनक आहे. ‘पाहिले’ म्हणजे नेमके काय केले, हा प्रश्न निदान आपण तरी विचारायला हवा.

कुडा लेणी राजपुरीच्या खाडीवर आहेत. तेथील शिलालेखांतल्या दात्यांत माळी आहे, सार्थवाह आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीही आहे. घाटावरचा माणूस खाडीकाठी दान देतो, कारण त्याची वाट बंदराला जाते. चौल हे असेच बंदर. १४६९च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी तेथे उतरला. जुन्नर गाठायला त्याला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. लेणी, किनारा आणि नगर यांना जोडणारी ही वाटच आजच्या सहलीत गाळली जाते. ती मोटारीत झोपेत सरते.

वैरागच्या वाचकाला हे परके वाटू नये. आपल्याजवळचे तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथले कापड गाड्यांतून भडोच बंदराला जात असे, अशी नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’मध्ये आहे. धाराशिवची लेणीही याच मुलखातली. वर्गात गोरोबाकाकांचे अभंग शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना आधी तेर दाखवावे, एखादा शिलालेख वाचायला द्यावा आणि मगच समुद्राकडे निघावे. एरवी त्या सहलीला हजेरीपटावरील सहीपेक्षा अधिक किंमत नाही.