टोपी कोणी कोणाला घातली?

गेल्या वर्षीचा मे महिना, पहिला बुधवार. क्लायंटकडचा डेमो अकरालाच संपला (म्हणजे पडला नाही, नशीब!) म्हणून मी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून सेंट्रल पार्कच्या कडेकडेने निघालो होतो. १०५व्या रस्त्यापाशी व्हँडरबिल्ट गेट नावाचं मोठं लोखंडी फाटक आहे. तिथे पाहतो तर काय, गाड्यांमधून बायका उतरतायत आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक प्रदर्शन! एकीच्या डोक्यावर अख्खा फुलांचा ताटवा, दुसरीच्या फुलपाखरांचा थवा. तिसरीची टोपी एवढी रुंद की बाईंशी बोलायचं तर दोन पावलं लांबच उभं राहावं लागेल.

चौकशी केल्यावर कळलं, हे बागेच्या मदतीसाठी भरणारं वार्षिक जेवण. सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी या संस्थेची महिला समिती ते भरवते. नाव भारदस्त आहे, बागेच्या रचनाकारांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडचं. पण सगळं शहर त्याला 'टोप्यांचं जेवण' म्हणूनच ओळखतं. हजाराच्या वर पाहुणे, आणि एका दुपारी काही दशलक्ष डॉलर जमा!

मी लगेच फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "श्रीमंतांचा दानधर्म. आधी फोटो, मग धर्म."

दोन मिनिटांत पुण्याहून मित्राचं उत्तर. "अरे, याच बागेत तू दोन वर्षं डबा खातोयस ना? आजवर किती दिलेस?"

गप्प बसलो. खरं उत्तर होतं शून्य.

मग त्या वीकेंडला थोडं वाचलं. ८४३ एकरांची ही बाग शहराच्या मालकीची. १९७०च्या दशकात तिचे फार हाल झाले होते. १९७५ साली न्यूयॉर्क शहरच दिवाळखोरीच्या दारात उभं होतं, तिथे बागेकडे कोण बघणार? आज उन्हाळ्यात लोक जिथे चादरी टाकून लोळतात, त्या शीप मेडोवर गवताऐवजी धूळ होती. १९८०मध्ये लोकांनी ही कॉन्झर्व्हन्सी काढली, पैसे उभे केले, माळी नेमले. १९९८पासून शहराशी करार करून तीच बाग सांभाळते आणि खर्चाचा मोठा भाग देणग्यांतून येतो. म्हणजे मी ज्या हिरवळीवर बसून पोळीभाजी खात होतो, तिच्यात त्या टोप्यांचा वाटा होता.

आपण तरी वेगळं काय करतो? गावाकडच्या देवळात पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव असतं, पायरीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असतं. गुप्तदान श्रेष्ठ हे खरं, पण पंखा फिरतो तो नाव लिहिलेल्या पैशावर. तेव्हा टोप्यांवर माझा आक्षेप नाही. खुशाल घाला, अजून मोठ्या घाला.

आक्षेप वेगळाच आहे. टोपीवाल्या बायका राहतात बागेच्या अवतीभवती, म्हणून ती बाग चकाचक. २०१२मध्ये जॉन पॉल्सन या हेज फंडवाल्याने एकट्याने १० कोटी डॉलर दिले, तेही याच बागेला. ब्राँक्समधल्या एखाद्या गरीब वस्तीतल्या मैदानासाठी कोण टोपी घालणार? २०१३मध्ये डॅनियल स्क्वाड्रन नावाच्या राज्य सिनेटरने सुचवलं होतं, की श्रीमंत बागांच्या संस्थांनी आपल्या बजेटचा २० टक्के हिस्सा गरीब बागांना द्यावा. कायदा काही झाला नाही. देणगीदार म्हणणार, मी पैसे या बागेला दिलेत, तुम्ही दुसरीकडे कसे वळवता? त्यांचंही बरोबर आहे. म्हणून तर देणगी हा कराला पर्याय नाही! देणगी देणाऱ्याच्या मर्जीने जाते. कराचा पैसा कुठे जावा हे निदान मत देऊन विचारता तरी येतं. देणगीने बाग अजून सुंदर व्हावी, जरूर. पण बाग जगावी की नाही हे कोणाच्या पाहुण्यांच्या यादीवर ठरू नये.

हे सगळं मी मित्राला फोनवर ऐकवलं. चांगली पंधरा मिनिटं. तो म्हणाला, "पटलं. आता पाकीट काढ."

आपल्याकडे टोपी घालणे म्हणजे फसवणे. त्या हिशोबाने त्या बायकांनी कोणालाच टोपी घातली नव्हती. दोन वर्षं फुकटात बसून वर नाकं मुरडणाऱ्या मीच त्यांना घातली होती.

तर मंडळी, पाकीट काढलं. पण सेंट्रल पार्कसाठी नाही, त्यांचं चाललंय बरं. जर्सी सिटीत मी राहतो तिथे मागच्या गल्लीत एक छोटी बाग आहे. दोन झोपाळे, त्यातला एक बरेच दिवस तुटलेला. तिथले रहिवासी महिन्यातल्या एका शनिवारी जमून साफसफाई करतात, रोपांसाठी वर्गणी काढतात. मी वर्गणी दिली आणि झोपाळ्याबद्दल नगरपालिकेकडे तक्रारही नोंदवली. मागच्या शनिवारी ऊन फार होतं, म्हणून डोक्यावर जुनी क्रिकेटची टोपी घालून गेलो.

फोटो मात्र काढला नाही. झोपाळा दुरुस्त झाला की काढीन म्हणतो.