पथ्याचे ताट

औषधाची मात्रा लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे नाव रुग्णाच्या स्मरणात राहते; परंतु त्या औषधाला साथ देणारे पथ्याचे ताट ज्यांनी मुदपाकखान्यात उभे राहून तोलूनमापून सिद्ध करविले, त्या आहारतज्ज्ञांच्या प्रदीर्घ सेवेची नोंद कोणत्याही दफ्तरात क्वचितच सापडते, ही उणीव आम्हांस फार खुपते.

1963 साली पोषणशास्त्रज्ञ डॉ. गोपालन यांच्या पुढाकाराने भारतीय आहारतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली. त्या सुमारास या व्यवसायात आलेल्या पिढीला आरंभी कुपोषणाची चिंता होती, उत्तरायुष्यात मधुमेहाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून जवळच्या सहा खेड्यांतील मातांचा जो अभ्यास चालविला, त्यात येथील नवजात अर्भक वजनाने सुमारे 2.7 किलो, दिसावयास कृश, तरीही तुलनेने अधिक मेद बाळगणारे आढळले. तेव्हा या दोन्ही चिंतांचे मूळ एकाच गर्भावस्थेत शोधावे लागेल, हे ध्यानी आले.

तथापि या व्यवसायाची खरी कसोटी लागते ती रुग्णाच्या खाटेपाशी. मूत्रपिंडे क्षीण झालेल्या वारकऱ्याला, एकादशीचे बटाटे, रताळी आणि शेंगदाणे यांतील पोटॅशियम देहात साचून हृदयाची गती बिघडवू शकते, हे त्याच्या श्रद्धेस धक्का न लावता पटवून देणे, आणि भगरीचे प्रमाण ठरवून त्याचा उपवासही राखणे, यासाठी पुस्तकी ज्ञानाहून अधिक काही लागते. अशा सेवानिवृत्त आहारतज्ज्ञांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत छापण्यासाठी या अंकाची पाने आम्ही राखून ठेविली आहेत.