नसबंदीचा कायदा आणि शिकलेले हात

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात व बाहेर मोठे वादळ उठले. ११ ऑगस्टला राजधानी परिसरातील कुत्री उचलून कोंडण्याचा आदेश निघाला. २२ ऑगस्टला तो पालटून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत, असे ठरले. प्राणिप्रेमी व त्यांचे विरोधक हिरिरीने भांडले. ही नसबंदी कोणाच्या हातून होणार, हा प्रश्न मात्र मागे पडला.

नसबंदीचे नियम २००१ पासून आहेत. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. शस्त्रक्रिया प्रशिक्षित पशुवैद्यकानेच करावी, हे रास्तच आहे. परंतु पदवीच्या साडेपाच वर्षांत गाय, म्हैस, शेळी, कोंबडी या साऱ्यांचाच अभ्यास उरकावा लागतो. लहानशा छेदातून कुत्रीचे अंडाशय व गर्भाशय काढणे हे पुस्तकी काम नव्हे. अंडाशयाच्या रक्तवाहिनीवरील गाठ सैल राहिली, तर टेबलावर ठीक दिसलेले जनावर काही तासांनी आतल्या रक्तस्रावाने दगावते. ती गाठ जाणत्या शल्यविशारदाच्या नजरेखाली पुन:पुन्हा बांधूनच हाताला येते.

इकडे अनेक नगरपालिका हे काम दर कुत्र्यामागे रक्कम ठरवून बाहेर देतात. जेथे आकड्यावर पैसा, तेथे शिकवण्यात वेळ कोण घालवील? आकड्यांमागे धावणारी नसबंदी काय करते, हे आणीबाणीत माणसांनी भोगले आहे. मुक्या जनावराला तर तक्रारही करता येत नाही.

हा केवळ भूतदयेचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्यांत ४० टक्के मुले १५ वर्षांखालील असतात. बंगल्याला कुंपण असते; झोपडपट्टीतील पोराला नसते. लशीच्या फेऱ्यांसाठी रोजंदारी बुडते, तीही त्याच्याच आईबापाची.

उटी येथे एका स्वयंसेवी संस्थेच्या केंद्रात पशुवैद्यकांना ही शस्त्रक्रिया हाताला धरून शिकवली जाते. दात्यांच्या पैशावर जे जमते, ते शासनाला का जमू नये? परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे. अशा प्रत्येक महाविद्यालयाला नगरपालिकेचे शस्त्रक्रिया केंद्र जोडावे, उमेदवार पशुवैद्यकांना तेथे देखरेखीखाली काम व पुरेसे विद्यावेतन द्यावे. किती कुत्री धरली याबरोबरच किती दगावली, किती जखमा चिघळल्या, हेही जाहीर व्हावे. कार्यकर्त्यांनी आपल्या नगरपालिकेकडे प्रथम हाच हिशेब मागितला पाहिजे.