कफाचा रंग सोडा, श्वास मोजा



एका भगिनीचे पत्र आले आहे. पतीचे वय 48, मधुमेह आहे. बारा दिवसांपासून खोकला, कफ पिवळा-हिरवा. मेडिकलवाल्याने दिलेल्या पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या संपल्या, खोकला तसाच. ‘न्यूमोनिया तर नाही ना?’ असे त्या विचारतात.

भगिनी, हिरवा कफ म्हणजे अँटिबायोटिक हवेच, ही समजूत घरोघरी आहे. काही दवाखान्यांतही आहे. तो रंग आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि साध्या विषाणूच्या खोकल्यातही येतो. श्वासनलिकांना सूज आली की त्याला ब्राँकायटिस म्हणतात. तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि विषाणूंवर या गोळ्या चालत नाहीत. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. ताप आलाच तर थोडा. माणूस वैतागतो, पण उठतो, वुजू करतो, जेवतो.

न्यूमोनियात सूज नळ्यांच्या पुढे, वायुकोशांत पोचते. प्राणवायू रक्तात मिसळतो तो तिथेच. त्या जागी पाणी आणि पू भरला की शरीर जास्त श्वास घेऊन कसर भरून काढते. म्हणून श्वास मोजायचा.

माणूस दहा मिनिटे शांत बसलेला असावा. त्याला सांगू नका, सांगितले की श्वास बदलतो. छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. 12 ते 20 ठीक. 24 च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर. 30 किंवा जास्त असेल तर सरळ इस्पितळ. नाडी 100 च्या वर आणि ताप 100.4 च्या वर आहे का, तेही पाहा. यातले काहीच नाही आणि डॉक्टरांना छातीत कुठे चरचर ऐकू आली नाही, तर न्यूमोनियाची शक्यता फार कमी. मग एक्स-रेचीही सहसा गरज नसते. कोरोनाच्या वेळी घेतलेले ऑक्सिमीटर कपाटात पडून असेल, तर तेही लावा. आकडा 94 च्या खाली असेल तर थांबू नका.

हुडहुडी भरून ताप, खोल श्वासाला छातीत एका बाजूला कळ, ओठ निळसर, बोलण्यात गोंधळ, ही लक्षणे आकड्यांची वाट पाहण्याची नाहीत. घरच्यांना फरक कधी कधी नमाजेतच आधी कळतो : एका दमात होणारी आयत मध्येच तुटते. खोकला उतरत असताना ताप पुन्हा चढला तर ‘तोच आजार आहे’ म्हणून बसू नका. मधुमेहात तर आजार लवकर बळावू शकतो.

तीच गोळी मेडिकलमधून पुन्हा आणू नका. मात्र डॉक्टरांनी न्यूमोनिया ठरवून औषध दिले, तर बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने मध्येच सोडू नका. रमजान असेल तरीही नाही. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत शरीअतनेच दिली आहे. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची ही तपासणी मोफत होते. तुमच्या घरी त्याला दोनच दिवस उरले आहेत.

आज इशानंतर ते टेकले की घड्याळ घेऊन जवळ बसा. आकडा कागदावर लिहा आणि डॉक्टरांकडे जाताना तो कागद व त्या गोळ्यांचे रिकामे पाकीट, दोन्ही बरोबर न्या.