औषध थांबताच एचआयव्ही का परततो?

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एचआयव्हीवरील दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. नियमित औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात दडलेला विषाणू पुन्हा जागा कसा होतो, हा दोन्हींचा विषय. उपचारांची खरी अडचण येथेच आहे.

हा विषाणू रोगप्रतिकार यंत्रणेच्या सूत्रधारावरच घाला घालतो. सीडी-४ या पांढऱ्या पेशी इतर संरक्षक पेशींना जंतूंवर चाल करून जाण्याचा इशारा देतात. एचआयव्ही नेमका त्यांच्यातच शिरून वाढतो. पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातील या पेशींचा मोठा संहार होतो. रुग्णाला मात्र साध्या तापापलीकडे फारसे काही जाणवत नाही, कित्येकांना तेवढेही नाही. त्यानंतर उपचाराविनाही साधारण आठ ते दहा वर्षे प्रकृती वरकरणी ठणठणीत राहते. हाच काळ सर्वांत फसवा. एरवी एका घन मिलिमीटर रक्तात ५०० ते १५०० असणाऱ्या सीडी-४ पेशी या काळात घटत जातात आणि संख्या २०० च्या खाली गेली की ती अवस्था एड्सची मानली जाते. निरोगी शरीर सहज दाबून ठेवते असे जंतूही मग प्राणघातक ठरतात. भारतात त्यांत क्षय अग्रभागी आहे.

सरकारी रुग्णालयांत मोफत औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. आरंभी औषधे सुरू करण्यासाठी बहुतेकांना पेशी २०० च्या खाली येईपर्यंत थांबावे लागे. निदान होताच उपचार हे धोरण येण्यास २०१७ साल उजाडले. औषधांनी विषाणूची वाढ थांबते, पेशींची संख्याही सावरते. परंतु काही पेशींच्या जनुकांत मिसळून तो निद्रिस्त राहतो आणि तेथे औषधांची मात्रा चालत नाही. औषध बंद केल्यास बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांतच परततो.

पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड वाढणे हे त्याच्या जागे होण्याचे एक निमित्त. अमित सिंग व जी. मुगेश यांच्या गटांनी व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांपासून ते घटवणारे कृत्रिम एन्झाइम तयार केले. दुसऱ्या निबंधात हायड्रोजन सल्फाइड वायूने विषाणू दबत असल्याचे दिसले. मात्र हे प्रयोग प्रयोगशाळेतील पेशींवरचे होते. तेथून औषधापर्यंतची वाट लांब असते.

तूर्त भिस्त रोजच्या गोळीवरच आहे. ती चुकू नये म्हणून बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांचा सहभाग असलेल्या एका चाचणीत मोबाइलचा उपयोग करून पाहण्यात आला. दक्षिण भारतातील ६३१ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना दर आठवड्याला आठवण देण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, विषाणू आटोक्यात राहण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. गोळी चुकण्यामागे निव्वळ विसराळूपणा नसावा, असे मानण्यास त्यामुळे जागा आहे.